खिचडीच्या महिन्यातलं इंग्रजी

"फादर गोज नाय. फादर गो. म्हणा सगळ्यांनी."

"माय फादर गो टू कंपनी!" एकोणीस पोरांनी बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं.

मी डाळ निवडत होते, ते ताट खाली ठेवलं. मे महिना, सकाळचे नऊ, आणि उन्हानं आत्ताच डोकं भणभणायला लागलेलं. शाळेपुढच्या लिंबाखाली दांडगे गुरुजींनी फळा खोडाला टेकवला होता. पलीकडे तीन दगडांच्या चुलीवर चंपाबाईंची खिचडी रटरटत होती.

"गुरुजी," मी म्हटलं, "फादर गोज. एकवचन आहे."

"एकवचन आपल्या घरी, बाई. बापाला एकेरी बोलतं का कोणी? 'वडील जातात' म्हणतो आपण. मग त्यो एस काढायचा. कुत्रं असंल तर गोज. मांजर असंल तर गोज. बाप असंल तर गो."

"आणि आई?"

गुरुजींनी जरा विचार केला. "आईला चालतं. आई येते, आई जाते. मदर गोज."

मी कपाळावर हात मारून घेतला. चंपाबाई चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी कपाळावर हात मारला की गंमत असते एवढं ठाऊक होतं.

गायकेवस्तीची आमची शाळा दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची. चितेगावच्या पुढं चार किलोमीटर आत. एका खोलीत गुरुजी, एका खोलीत मी. मधली भिंत चांगली जाड, त्यामुळे चार वर्षांत गुरुजींचं इंग्रजी माझ्या कानावर कधी पडलंच नव्हतं. ते पडलं २०१६ च्या उन्हाळ्यात, कारण त्या वर्षी सगळी शाळाच लिंबाखाली आली. दुष्काळ जाहीर झाला होता. दुष्काळी गावांत सुट्टीतही पोरांना खिचडी द्यायची, असा हुकूम निघाला. म्हणजे पोरांना शाळा आणि आम्हाला सुट्टी नाही. मी इतकी वैतागले होते की विचारू नका. शहरातून, सिडकोतल्या घरून निघायचं, महानुभाव आश्रम चौकात ट्रकांच्या गर्दीत जीव मुठीत धरायचा, पैठण रोडची धूळ खायची, आणि कशासाठी? तर डाळ निवडायला. मी केंद्रप्रमुखांना तोंडावर सांगितलं, की डी.एड. करताना आम्हाला फोडणी शिकवली नव्हती. माझं तोंड असंच आहे. माहेरी आणि सासरी दोन्हीकडे त्याबद्दल एकमत आहे.

गुरुजी मात्र कुरकुरले नाहीत. कडुबा तुळशीराम दांडगे, नावाचेच दांडगे, अंगानं काडी. ते म्हणाले, "पोरं यायचीच हायत पोटासाठी. तासभर बसवू. इंग्रजी घेऊ. शाळा सुरू असली की बाकीचे विषय बोकांडी बसतात, इंग्रजी राहूनच जातं."

त्या दिवशी पोरं जेवून गेल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं. इंग्रजीत आदरबिदर क्रियापदात नसतो. बाप असो, कलेक्टर असो, देव असो, एकटा असला की एस लागतो.

"देवाला बी?"

"देवालाही."

गुरुजींनी फळा पुसायला घेतला. मग म्हणाले, "सरकारनं पहिलीपासून इंग्रजी लावलं त्या साली आम्हाला दहा दिवसांचं ट्रेनिंग दिलं. त्यात ही गोष्ट कोणी सांगितली नाय. का सांगितली, अन् मीच झोपलो व्हतो, काय माहीत." तोंड एवढंसं झालं होतं. मला वाटलं, उगाच बोलले. पंधरा दिवसांनी माणूस रिटायर होतोय, जाऊ द्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना उभं केलं आणि स्वतःही उभे राहिले. "पोरांनो, मी चुकीचं शिकवलं. काल नाय, सोळा वर्षं. पाठक बाईंनी सांगितलं मला. बाप बी गोज. गुरुजी बी गोज. लिहून घ्या."

मुख्याध्यापक माणूस पोरांसमोर असं बोलतो? आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेल्या. वडील कलेक्टर ऑफिसात हेडक्लार्क होते. चूक झालीच तर ती कागदावर कुणाच्या नावानं पडेल, हे त्यांना आधी सुचायचं. चूक उभं राहून सांगायची असते, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं.

मग इंग्रजी आम्ही दोघं मिळून घ्यायला लागलो. त्याला आणखी एक कारण होतं.

चितेगावात एक इंग्रजी शाळा निघाली होती. कंपन्या वाढल्या, कंपन्यांत साहेब लोक आले, साहेबांच्या पोरांसाठी तीन मजल्यांची शाळा आली. तिची पिवळी बस आमच्या वस्तीवरून रिकामी जायची आणि आमची पोरं तिच्या मागं धुळीत पळायची. त्या शाळेच्या ट्रस्टनं त्या वर्षी आसपासच्या वस्त्यांमधून एक पोरगं फुकट घ्यायचं ठरवलं होतं. चौथी झालेलं पोर घ्यायचं, इंग्रजी कच्चं म्हणून पुन्हा चौथीत बसवायचं, आणि दहावीपर्यंत फी, पुस्तकं, बस सगळं ट्रस्टचं. अट एकच सांगितली होती, की पोरानं दोन मिनिटं उभं राहून इंग्रजीत बोललं पाहिजे.

आमच्याकडून गुरुजींनी नाव दिलं श्रेयाचं. श्रेया म्हणजे चंपाबाईंची पोरगी. बाप रामकिसन चितेगावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं पॅकिंगला होता. पोरगी हुशार, आणि काही विचारलं की उत्तर देण्याआधी आपल्याकडं टक लावून बघायची. आपल्यालाच उत्तर येतं की नाही हे तपासल्यासारखं.

चंपाबाई मला म्हणाल्या, "बाई, वस्तीवर चौथीच्या पुढं शाळा नाय. पाचवीला रोज चार किलोमीटर जायाचं अन् यायाचं. माझी थोरली गेली दोन वर्षं. मग मालक म्हणले, रस्त्यानं लई ट्रक झालेत, ठिवा घरी. पंधराव्या वर्षी लगीन झालं तिचं. हिला ती बस भेटली तर हिचं तरी व्हईल काही." त्या रडल्याबिडल्या नाहीत. पातेलं खाली उतरवताना जसं सांगतात तसं सांगितलं. पण त्या दिवसापासून मीही त्या बसकडे जरा निराळ्या नजरेनं बघायला लागले.

दोन मिनिटं बोलायचं म्हणजे काय बोलायचं? मी 'माय स्कूल' नावाचा निबंध काढला. गुरुजी म्हणाले, "ते समदे बोलतील. पोरीला रोज जे दिसतं ते बोलू द्या. रोजचंच इंग्रजी तेवढं येतं आपल्याला. काल काय झालं अन् उद्या काय होणार, ते त्यांची शाळा शिकवंल."

मग श्रेयानं तिच्या आईचा दिवस इंग्रजीत घातला. "माय मदर गेट्स अप ॲट फोर. शी ब्रिंग्ज वॉटर. द टँकर कम्स ऑन थर्सडे. ऑल विमेन रन. माय मदर रन्स. शी कुक्स खिचडी फॉर नाइनटीन चिल्ड्रन. शी ईट्स लास्ट." मी एकेक क्रियापद तिच्याकडून घोकून घेत होते. बायका पळतात तिथं एस नाही, आई पळते तिथं एस आहे. गुरुजी खिचडी ढवळायला बसले होते, कारण चंपाबाई डाव हातात धरून आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काय म्हनती ती? मला सांगा ना."

मी मराठीत सांगितलं. एकेक वाक्य.

"एवढं काम करते व्हय मी?" चंपाबाई म्हणाल्या. "इंग्रजीत लई दिसतंय."

चोवीस तारखेला आम्ही चितेगावला गेलो. माझ्या स्कुटीवर मागं श्रेया, गुरुजींच्या एक्सेल मोपेडवर चंपाबाई अवघडून बसलेल्या. शाळेत गार फरशी होती आणि प्यायच्या पाण्याचं मशीन होतं. श्रेया तीन पेले पाणी प्यायली आणि रिकाम्या पेल्याकडं बघत राहिली. मुख्याध्यापिका मॅडम शहरातल्याच, माझ्याच वयाच्या. त्यांनी श्रेयाला टेबलापुढं उभं केलं. पोरगी घडाघडा बोलली. एकही एस सुटला नाही. टँकर आला, बायका पळाल्या, आई पळाली, आई शेवटी जेवली. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी आपणहून विचारलं, "अँड व्हॉट डझ युवर गुरुजी डू?"

श्रेयानं माझ्याकडं बघितलं. मग दाराशी उभ्या असलेल्या गुरुजींकडं बघितलं. "गुरुजी टीच," ती म्हणाली.

"टीचेस," मॅडम हसून म्हणाल्या.

"मॅडम, त्यांना नाही लावत."

मॅडम इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेरचा शिपाई डोकावला. "घेतली," त्या म्हणाल्या. "फॉर्म भरून टाका."

चंपाबाईंना ते 'घेतली' कळलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. गुरुजी चष्मा पुसायला लागले. मी, काय सांगू, मी त्या परक्या शाळेत श्रेयाला उचलून घेतलं, दहा वर्षांच्या घोडीला.

तो आनंद पाच मिनिटं टिकला. क्लार्कनं शाळा सोडल्याचा दाखला बघितला आणि मान हलवली. "एक जून दोन हजार सहा. म्हणजे येत्या एक जूनला दहा पूर्ण. आमच्याकडं एक जूनला दहाच्या आत असंल तेच पोर घ्यायचं असा ट्रस्टचा नियम आहे. एक दिवसानं जातेय हो पोरगी."

"अहो, नावाची तारीख आहे ती!" मी म्हटलं. "खेड्यातल्या सगळ्या पोरांची एक जून असते."

"मॅडम, मला सांगून काय उपयोग? दुरुस्तीचा प्रस्ताव द्या शिक्षण खात्याला, त्याची शिक्का मारलेली प्रत एकतीस तारखेच्या आत आणा. मी नाव धरून ठेवतो." मग त्यानं फॉर्मच्या मागची एक ओळ दाखवली. "पण पालकांनी खोटी तारीख सांगितली असं कागदावर आलं तर सीट रद्द. ते बघा बुवा."

शाळेत परत आलो. गुरुजींनी कपाट उघडून जनरल रजिस्टर काढलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते, आणि पान उलटायच्या आधीच मला माहीत होतं काय दिसणार ते. श्रेयाच्या नावाची ओळ. अक्षर माझं.

२०१२ सालचा जून होता. सात वर्षं सोयगावला काढून, किती जणांच्या हातापाया पडून मी शहराजवळ बदली मिळवली होती. हजर झाले त्याच आठवड्यात आवई उठली, की ज्या शाळेचा पट वीसच्या खाली त्या शाळा बंद. आमचा पट एकोणीस. गुरुजी वस्तीवर फिरून श्रेयाला घेऊन आले. साडेपाच वर्षांची चिमुरडी, नाकातला शेंबूड तसाच. पहिलीला सहा पूर्ण लागत होते. गुरुजी म्हणाले, "बाई, एक जून दोन हजार सहा टाका. पहिली जून टाकली की समदं बसतं." मी विचारलंसुद्धा नाही, की खरी तारीख कोणती. शाळा बंद झाली असती तर मला कुठं फेकलं असतं कोण जाणे. माझं गोल, टपोरं अक्षर. घरी सगळे कौतुक करायचे. खाली मुख्याध्यापक म्हणून सही गुरुजींची.

आमच्याकडे हे वर्षानुवर्षं चालत आलंय. घरी बाळंत झालेल्या बाईला तारीख आठवते ती सणाची. पोराला शाळेत घालायचं तर मास्तर एक जून टाकतो. गुरुजींची स्वतःची तारीखही तीच. वैजापूरकडच्या कुठल्याशा मास्तरनं पट भरायला चार वर्षांच्या कडुबाला सहाचा केला होता. त्यामुळेच एकतीस मेला गुरुजी रिटायर होत होते, खरं तर दोन वर्षं आधी.

"चंपाबाई, पोरगी कधीची?" गुरुजींनी विचारलं.

"दिवाळीच्या पाडव्याची. नर्सबाईच्या कार्डावर हाय की. डोस दिले तवा लिवलंय."

कार्ड निघालं. पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकेत गुंडाळलेलं. बावीस ऑक्टोबर दोन हजार सहा. म्हणजे पोरगी साडेनऊची होती, नियमात चांगली बसत होती.

मी केंद्रप्रमुखांना फोन लावला. ते म्हणाले, "नेहमीचा नमुना आहे ना. पालकानं चुकीची तारीख सांगितल्यामुळं नोंद झाली, असं पालकाचं शपथपत्र जोडा. दोन दिवसांत करून देतो."

"देते की मी लिहून," चंपाबाई लगेच म्हणाल्या. "सांगा कुठं सही करू. मला काय फाशी देनार हायत?"

"तुमी लिहून दिलं की सीट गेली," गुरुजी म्हणाले. "क्लार्कनं काय दाखवलं? पालकांनी खोटं सांगितलं असंल तर रद्द."

"मग शाळेकडून नजरचुकीनं झालं असं लिहू," मी म्हटलं. वडिलांकडून शिकलेला शब्द. कचेरीत त्या शब्दाखाली काय काय झाकून जातं.

गुरुजी रजिस्टरची पानं उलटत राहिले. "बाई, आत्ता शाळेत हायत त्या एकोणीस पोरांपैकी सतरा पोरांची एक जून हाय. प्रस्तावासोबत रजिस्टर जाणार. नजर सतरा वेळा चुकत नाय. कोणीतरी विचारणारच. मग म्हणणार, मास्तर अजून बी खोटं बोलतो, अन् पोरीचा कागद अडकणार. दिवस तर हातात नायत आपल्या. एकतीसच्या आत शिक्का पायजे."

"गुरुजी, सात दिवस राहिलेत तुमचे," मी आवाज चढवला. "पेन्शनचे कागद वर गेलेत. आता स्वतःच्या हातानं चौकशी ओढवून घेता? वेड लागलंय का? घरी भागूवहिनींना काय सांगाल?"

"तिला इतक्यात सांगू नका."

"मी लिहिलंय ते," मी म्हटलं. आवाज आपोआप खाली आला. "अक्षर माझं आहे."

"हात तुमचा. सांगितलं मी." त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला. "तुमची वीस वर्षं राहिलीत नोकरीची. तुमी खिचडी बघा जरा, खाली लागल्याचा वास येतोय."

खिचडी खरंच खाली लागली होती. मी उठून गेले. उठून गेले, हे मला आजही जसंच्या तसं आठवतं. कुणी मला ढकललं नव्हतं.

गुरुजींनी एका पानात लिहिलं. शाळेचा पट टिकावा म्हणून मुख्याध्यापक या नात्यानं मी ही तारीख जाणूनबुजून टाकली, पालकांनी खोटी माहिती दिलेली नाही, नर्सच्या नोंदीप्रमाणे दुरुस्ती व्हावी. सत्तावीस तारखेला ते पैठणच्या गटशिक्षण कार्यालयात गेले. तिथल्या बाबूनं कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "गुरुजी, घरी घेऊन जा, नीट विचार करा." गुरुजी म्हणाले, "शिक्का मारा." तीस तारखेला प्रत चितेगावात पोचली आणि श्रेयाचं नाव पक्कं झालं. मॅडमनी कागद वाचून गुरुजींना बसायला खुर्ची दिली म्हणे.

एकतीसला त्यांनी मला चार्ज दिला. एक कपाट, दोन फळे, एक नकाशा, पातेली तीन, डाव दोन, रजिस्टरं अकरा. मी प्रत्येक वस्तूपुढं खूण केली आणि खाली सही केली. सुट्टी असल्यामुळं निरोप समारंभ नव्हता. चंपाबाईंनी खिचडीत त्या दिवशी शेंगदाणे टाकले होते. पोरं जेवली आणि गुरुजी एक्सेलला किक मारून गेले.

जूनपासून श्रेया पिवळ्या बसमध्ये बसायला लागली. चंपाबाई बस येईपर्यंत तिच्याबरोबर उभ्या राहायच्या आणि बस गेली की थेट माझ्याकडं यायच्या, आज पोरगी काय म्हणाली ते सांगायला. आणि गुरुजींची पेन्शन थांबली. कागदावर शेरा पडला, चौकशी प्रलंबित.

चौकशी लागली गणपतीच्या आधी, औरंगपुऱ्यात, जिल्हा परिषदेत. मला रजिस्टर घेऊन हजर राहायचं पत्र होतं. आदल्या दिवशी हेमचंद्र, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "विचारतील तेवढंच बोल. बायपासच्या फ्लॅटचं लोन तुझ्या पगारावर आहे, एवढं डोक्यात ठेव." मी म्हटलं, "मला अक्कल शिकवू नका. खरं ते सांगणार आहे मी." आणि खरोखर सांगणार होते. रात्रभर वाक्य जुळवलं होतं: साहेब, नोंद माझ्या हातची आहे, जबाबदारी माझीही आहे. साधं वाक्य.

व्हरांड्यात गुरुजी बाकावर बसले होते. अंगावर धुतलेला पांढरा शर्ट, कॉलर विरलेली. आणखी वाळले होते. मला बघून उठले, "बाई, गाडी सावलीत लावली ना?" म्हणाले. शिपायानं दार उघडून हाक मारली, "चलो, दांडगे कौन है? मॅडम, आप भी आओ."

साहेब तरुण होते, पस्तिशीचे. स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी रजिस्टर उघडलं, सतरा नावं मोजली, गुरुजींचा कागद वाचला. "हे तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून केलं?"

"कोणाच्याच नाय साहेब. पट कमी व्हता."

"शाळेत दुसरं कोणी सामील होतं?"

"नाय."

साहेबांनी श्रेयाच्या ओळीवर बोट ठेवलं. मग गुरुजींच्या कागदावर बोट ठेवलं. गुरुजींचं अक्षर बारीक, डावीकडं पडलेलं. वहीतलं गोल, टपोरं. आंधळ्यालाही कळलं असतं.

"ही नोंद कोणाच्या अक्षरात आहे?"

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं. वाक्य जिभेवर होतं. आणि मला तो फ्लॅट दिसला, सोयगावची एसटी दिसली, हेमचंद्रांचा चेहरा दिसला.

"माझंच हाय साहेब," गुरुजी म्हणाले. "तवा डोळे बरे व्हते. अक्षर चांगलं यायचं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांना कळलं होतं, आणि मी बोलावं म्हणून ते थांबले होते, हे मलाही कळलं होतं. मी रजिस्टरच्या कोपऱ्याकडं बघत होते. शेवटी त्यांनी जबाब लिहून घेतला. गुरुजींनी सही केली. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली.

बाहेर पडलो. जिन्यात मला रडू फुटलं. "गुरुजी, मी परत जाते आत. सांगते त्यांना."

"आता सांगितलं तर काय व्हईल? मी खोटा जबाब दिला असं व्हईल. त्याची निराळी चौकशी." ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "पेन्शन निघंल. वर्ष लागंल, दोन लागतील. पोरगी शाळेत गेली ना? झालं मग. चला, स्टँडवर सोडा मला. ऊन लई हाय."

मी त्यांना मागं बसवून बसस्टँडला नेलं. पैठणची गाडी सुटायच्या बेतात होती, गच्च भरलेली. गुरुजी पिशवी छातीशी धरून चढले. खिडकीतून मला दिसले, दांडीला धरून उभे. पुढच्या सीटवर एक धडधाकट माणूस पाय पसरून मोबाईल बघत बसला होता. कंडक्टरनं बेल मारली.

"अहो!" मी खिडकीवर थाप मारली. "अहो, तुम्हालाच म्हणते! दिसत नाही का समोर कोण उभं आहे? उठा! उठा म्हणते ना!"

अख्खा स्टँड माझ्याकडं बघायला लागला. तो माणूस गडबडून उठला. गुरुजी नको नको म्हणत होते, पण मी ओरडतच होते, गाडी हलली तरी ओरडत होते, "बसा गुरुजी, बसा तुम्ही, कोण काय म्हणतंय बघते मी!" ते बसले, आणि लोक बघतायत म्हणून लाजून त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं.